इंग्रजीतील थेट आणि अप्रत्यक्ष प्रश्न: शब्दक्रमाची तुलना

पुण्यात आलेल्या परदेशी पाहुण्याने ‘व्हेअर इज शनिवारवाडा?’ असे विचारले, तर त्या थेट प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येते. मात्र तोच प्रश्न ‘कॅन यू टेल मी’ या शब्दांना जोडला, की ‘व्हेअर शनिवारवाडा इज’ असा साध्या विधानाचा क्रम परततो. मराठीत ‘शनिवारवाडा कुठे आहे’ हे शब्द दोन्हीकडे जागा सोडत नाहीत, म्हणूनच आपल्याकडे ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज’ सर्रास ऐकू येते. ‘व्हेन डज द बस लीव्ह?’मधील ‘डज’ तर अप्रत्यक्ष रूपात गळतो आणि ‘लीव्ह’चे ‘लीव्ह्ज’ होते. हो-नाहीच्या प्रश्नांना ‘इफ’ किंवा ‘वेदर’ लागतो. अनोळखी माणसाशी बोलताना अप्रत्यक्ष रूप अधिक सभ्य वाटते. निघालेल्या पीएमपी बसच्या वाहकाला मात्र थेट विचारलेले बरे.