मुलाच्या ऑटिझमसाठी जनुकीय समुपदेशन : पुण्यातील एका केंद्राचा अनुभव

आमच्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान तो चार वर्षांचा असताना झाले आणि तेव्हापासून 'हे आले कुणाकडून?' हा प्रश्न घरात कधी उघड, कधी आडून विचारला जाऊ लागला. त्याचा रोख बहुतेक वेळा माझ्याकडे असे. बालविकासतज्ज्ञांनी सुचवल्यावरून गेल्या वर्षी आम्ही पुण्यातील एका जनुकीय समुपदेशन केंद्रात गेलो, तेव्हा सासूबाईही बरोबर आल्या.

पहिल्या भेटीत रक्त घेतलेच नाही. समुपदेशक बाईंनी कोऱ्या कागदावर पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळे काढत तीन पिढ्या मांडल्या आणि नात्यात लग्ने झाली आहेत का, हेही विचारले. 'आमच्या घराण्यात असं कुणीच नाही हो,' असे सासूबाई म्हणाल्या. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, 'आजी, बोलायला उशीर कुणाला झाला होता, एवढंच आठवून सांगा.' थोड्या वेळाने सासूबाईंनीच आपल्या धाकट्या भावाचे नाव घेतले. तो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.

यानंतर बाईंनी जे समजावून सांगितले, त्यासाठी या केंद्राची फी सार्थकी लागली असे मी मानते. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे डॉक्टरांमध्येही होता. पण १९७७ मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांच्या अभ्यासात, ज्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात अशा एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम आढळला, तर भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. पाच देशांतील सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के असल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र हे एका जनुकाचे काम नसून बहुतेक मुलांमध्ये अनेक लहान बदल एकत्र येतात, आणि काही बदल तर आईवडिलांत नसून मुलातच प्रथम घडलेले असतात. म्हणून तपासणीत काही सापडले नाही, तरी ऑटिझम जनुकीय नाही असे म्हणता येत नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

दुसऱ्या भेटीत रक्त घेताना परिचारिकेने न सांगता पंखा आणि टीव्ही बंद केला, जांभळ्या टोपणाची नळी आधी मुलाच्या हातात दिली आणि त्याने ती मनसोक्त फिरवून पाहिल्यावरच सुई काढली. ज्यांच्या मुलाला दवाखान्याचा आवाजही सहन होत नाही, त्यांना याचे मोल कळेल.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. मायक्रोअ‍ॅरेचा, म्हणजे गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीचा, अहवाल समुपदेशनाच्या चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. एका गुणसूत्राचा तुकडा दुप्पट झाल्याचा आणि त्याचे महत्त्व अनिश्चित असल्याचा उल्लेख त्यात होता. 'अनिश्चित' या शब्दाने आमच्या चार रात्री घेतल्या. प्रत्यक्ष भेटीत कळले की तोच तुकडा ऑटिझम नसलेल्या यजमानांतही निघाल्यास चिंता बरीच कमी होते, आणि पुढच्या तपासणीत तो त्यांच्यात निघालाच. हे सांगणारे माणूस समोर असल्याशिवाय अहवाल पालकांच्या हाती देऊच नये. फ्रॅजाइल एक्स या ऑटिझमशी संबंधित एका जनुकीय आजाराची तपासणी सामान्य आली, तो भाग फोनवर कळवला असता तरी चालले असते.

दोन्ही तपासण्या आणि भेटी मिळून आम्हाला सुमारे ३० हजार रुपये खर्च आला. दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी गर्भधारणेपूर्वीच जावे, कारण अशा चर्चेला आणि तपासण्यांना पुरेसा वेळ लागतो. जाताना दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आधी विचारून ठेवावे, कुणाला फिट येत होत्या, कोण उशिरा बोलले. आणि शक्य असल्यास त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्यावे. आमच्या घरी तो प्रश्न त्या दिवसानंतर पुन्हा कुणी विचारलेला नाही.