ओलिताच्या खोऱ्यात खुली खाण की भूमिगत?

कोळशाच्या खुल्या खाणीचं नुकसान लपत नाही. आधी सुपीक माती खरवडली जाते, मग खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात आणि आसपासच्या विहिरींचं पाणी खाली जातं. दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवापाणी लागून आम्ल तयार होतं, तेही पुढे नदीत.

भूमिगत खाण वरून सोज्वळ वाटते. पण लाँगवॉल पद्धतीत, म्हणजे कोळशाचा लांबलचक थर सलग कापत नेताना, कोळसा काढला की मागचं छत कोसळू देतात, आणि वरची जमीन खचते, कधी मीटरभराहून जास्त. पाटपाण्याच्या शेताला १०० मीटरला जेमतेम १० सेंटिमीटर उतार असू शकतो. तिथे अर्धा मीटर जमीन बसली तर पाणी मध्येच तुंबतं, पाट उलटा वाहू लागतो. खाणीच्या परिणामांच्या अहवालात हे ‘किरकोळ खचणं’ म्हणून निघून जातं.

माझ्या मते नदीच्या गाळाच्या जमिनीखाली दोन्ही नकोत. निवडायचंच झालं तर छताला आधार म्हणून कोळशाचे खांब शाबूत ठेवणारी भूमिगत खाण बरी. कोळसा कमी निघतो, पण जमीन टिकण्याची शक्यता जास्त. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मात्र खाण सुरू होण्याआधीच हव्यात, उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्याही. नंतर घेतलेल्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?