फर्लरच्या आतली तार: डोलकाठी उभारून घेताना झालेली फसवणूक

रोलर फर्लिंग, म्हणजे पुढचे शीड गुंडाळण्याची यंत्रणा (हाच फर्लर), असलेल्या लहान शिडाच्या होडीत डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी तार, म्हणजे फोरस्टे, काठी उभी राहिल्यावर डोळ्यांना दिसतच नाही. ती ॲल्युमिनियमच्या लांब पोकळ पट्टीतून वर जाते. या पट्टीच्या खाचेत पुढचे शीड ओवलेले असते, तळाशी ड्रम असतो आणि ड्रमवरची दोरी ओढली की सगळी पट्टी तारेभोवती फिरून शीड गुंडाळले जाते. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जाऊन शीड उतरवण्याचा त्रास वाचतो, ही सोय खरीच मोठी आहे. पण ज्या तारेच्या भरवशावर काठी उभी असते तीच तार झाकलेली राहते, आणि माझी फसवणूक नेमकी त्या झाकलेल्या जागेत झाली. मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत हौसेने अशा होड्या बाळगणारी मंडळी आहेत आणि हे काम जाणणारा माणूस बहुधा बाहेरगावाहूनच बोलवावा लागतो, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

माझी होडी 22 फुटी, फायबरची, देवबागजवळ कर्ली खाडीत असते. पावसाळ्यात काठी उतरवून होडी वर काढली जाते. काठीच्या तारा दहा वर्षांहून जुन्या झाल्या होत्या आणि आमच्याकडच्या उष्ण, खाऱ्या हवेत त्यांवर यापुढे भरवसा ठेवणे शहाणपणाचे नव्हते, त्यामुळे सगळ्याच बदलायचे ठरवले. मुंबईकडचा एक कारागीर ओळखीतून मिळाला. त्याने व्हॉट्सॲपवर अंदाजपत्रक पाठवले: स्टँडिंग रिगिंग (काठीला उभी धरणाऱ्या तारा) नवीन, 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील, फर्लरचे सर्व्हिसिंग आणि मास्टची (डोलकाठीची) उभारणी, एकूण 88,000 रुपये, निम्मे आगाऊ. बोलणे अदबीचे होते, आणि पूर्वी केलेल्या कामांचे फोटोही त्याने न मागता पाठवले.

काठी उभारण्याचे काम कसे चालते, हे येथे सांगणे भाग आहे, कारण त्याची सबब त्यातूनच निघाली. काठीचा बुंधा डेकवरच्या बिजागरीत अडकवतात आणि शेंडा मागच्या बाजूला घोडीवर टेकवतात. बुंध्यापाशी एक आडवा दांडा पुढे काढून त्यावरून कप्पीची दोरी घेतात, म्हणजे ओढीला कोन मिळतो; काठी आडवी असताना जोर सर्वांत जास्त लागतो आणि ती उभी होत जाईल तसा कमी होतो. दोन्ही बाजूंच्या तारा काठी पूर्ण उभी होईपर्यंत सैल असतात, म्हणून तिने कडेला कलू नये यासाठी वेगळे तात्पुरते ताण बांधावे लागतात. फर्लर असेल तर आणखी एक माणूस ड्रम हातात धरून काठीबरोबर पुढे सरकतो, कारण लोंबती पट्टी जोडावर वाकली की ती पुन्हा सरळ होत नाही. डोक्यावर विजेची तार नाही ना, हे तर सर्वांआधी पाहायचे. हे सगळे वारा पडलेला असताना, म्हणजे आमच्याकडे सकाळी खारा वारा सुटण्याआधी उरकावे लागते.

कारागिराने वाऱ्याचे हेच कारण पुढे केले. काठी आडवी असताना नव्या तारा मला दाखव, असे मी आधीच सांगून ठेवले होते आणि त्याने होकारही दिला होता. ठरलेल्या दिवशी मी खाडीवर पोहोचलो तेव्हा काठी उभी होती, फर्लर चढलेला होता आणि शीडसुद्धा गुंडाळून झाले होते. "सर, वारा लवकर सुटणार असं वाटलं, म्हणून पहाटेच पोरांना हाताशी घेऊन उरकलं. तुमचा त्रास वाचला," तो म्हणाला. बाजूच्या तारा नव्या होत्या, चकचकीत होत्या. त्या त्याने स्वतःहून हात लावून दाखवल्या. जुन्या तारांचे भेंडोळे मागितले, तर ते आदल्या संध्याकाळीच भंगारवाल्याकडे गेले, असे उत्तर मिळाले. उरलेले पैसे त्याने दुसऱ्याच नावाच्या यूपीआय खात्यावर घेतले. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल "मुंबईला गेल्यावर" येणार होते.

पहिली शंका फर्लर फिरेना तेव्हा आली. शीड अर्ध्यावर गुंडाळले की दोरी अडत असे. फोनवर तो म्हणाला, नवीन तार आहे, चार दिवसांत रुळेल, जोर लावून ओढा. हा सल्ला निव्वळ घातक होता. शीड वर खेचणारी दोरी काठीच्या शेंड्याजवळ पट्टीला जवळजवळ समांतर गेली, तर पट्टी फिरताना ती दोरीच पट्टीभोवती गुंडाळली जाते; अशा वेळी विंचवर, म्हणजे दोरी ओढण्याच्या चक्रावर, दोरी घेऊन जोर लावला तर पीळ आतल्या तारेवर पडतो, तार तुटते आणि काठी मागे कोसळते, ती सुकाणाशी बसलेल्या माणसांवर. दोरीला काठीकडे नीट कोन मिळावा म्हणून शेंड्याखाली एक लहान कडी बसवतात. माझ्या काठीवर ती पूर्वी होती. त्याने काढलेली ती कडी परत लागलेलीच नव्हती, आणि "इंपोर्टेड बेअरिंग व ग्रीस" यांचे पैसे मात्र हिशेबात होते. माझ्या फर्लरच्या बेअरिंगमध्ये प्लॅस्टिकच्या गोळ्या आहेत. त्यांना ग्रीस लागत नाही, गोड्या पाण्याने धुणे पुरते. ग्रीस लावले तर वाळू आणि मीठ तिथेच चिकटून बसते.

शेजारच्या वाडीतले एक वयस्क तांडेल रोज येता-जाता हे पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "काठी उबी रवली म्हणान तार नवी झाली, असां कोणी सांगल्यान तुका?"

त्यांच्या आणि दोन खलाशांच्या मदतीने काठी पुन्हा आडवी केली. ड्रमच्या वरचे स्क्रू सोडून पट्टी वर सरकवली, तेव्हा तारेचे खालचे टोक उघडे पडले. त्या टोकावर दाबून बसवलेल्या नळीच्या तोंडाशी तांबूस डाग होते आणि एक पदर तुटून बाहेर आला होता. नळीवर निळ्या रंगाचा वाळलेला ओघळ होता. तो रंग मी स्वतः काही वर्षांपूर्वी डेकची कड रंगवताना सांडला होता, आणि ड्रमखाली येत असल्यामुळे तो पुसायचा राहून गेला होता. बाजूच्या तारा बदलल्या गेल्या. पट्टीतून तार ओढून काढण्याचे किचकट काम, आणि त्या तारेची किंमत, त्याने वाचवली. बाहेरून चमकणारे स्टेनलेस स्टील नळीच्या आत, जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, तिथे कुजते. म्हणूनच ही तार सर्वांआधी बदलायची असते.

फोटो पाठवल्यावर त्याचा सूर बदलला. फोरस्टे हा फर्लरचा भाग आहे, स्टँडिंग रिगिंगचा नाही, आणि फर्लरचे तर फक्त सर्व्हिसिंग ठरले होते, असा युक्तिवाद त्याने केला. हा युक्तिवाद खोटा आहे; काठीला उभी धरणारी प्रत्येक तार स्टँडिंग रिगिंगमध्येच मोडते. पण अंदाजपत्रकात मोघम शब्द का घातले होते, ते तेव्हा उलगडले. असे काम देताना प्रत्येक तार वेगळी लिहून घ्यावी: फोरस्टे, म्हणजे फर्लरच्या पट्टीतली तार, तिची जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांची जोडणी. पट्टीत घालण्यापूर्वी ती तार टोकांसह, त्या दिवसाच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून फोटो मागावा. जुनी तार मालकाच्या ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. भंगाराचे पैसे किरकोळ असतात, पुरावा मोलाचा असतो. दर्जाच्या बाबतीत चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण 304 आणि 316 यांतला फरक चुंबकाने कळत नाही. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते ओळखण्यासाठी रसायनाच्या थेंबाची चाचणी किंवा कारखान्याचे प्रमाणपत्र लागते. पट्टी वर सरकवून खालचे टोक पाहणे मात्र काठी उभी असतानाही बऱ्याच फर्लरवर जमते. फक्त आधी शीड उतरवावे आणि मोकळ्या दोरीने काठीला पुढून आधार द्यावा.

लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. ती त्याने स्वीकारली, उत्तर दिले नाही. मध्यस्थामार्फत निम्मे पैसे परत करण्याची तयारी दाखवली, पण तक्रार करणार नाही असे लिहून मागितले. ते मी दिले नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, त्यामुळे मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत; 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून 2 वर्षांची आहे. होडी पर्यटकांच्या धंद्यासाठी असती तर "व्यापारी हेतू"चा आक्षेप आला असता. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्याने त्यातून सूट आहे, एवढे धंदेवाल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. माझी तक्रार दाखल झाली असून जुन्या तारेचे टोक, निळ्या ओघळासह, पुरावा म्हणून जोडले आहे. म्हणणे मांडण्यासाठी त्याला 30 दिवस, आणि आयोगाने परवानगी दिल्यास आणखी 15 दिवस मिळतात. ती मुदत सध्या चालू आहे.