वेल्श लोकसंगीताला नवा ठेका: तिकीट कुणाचं काढाल?

कालान, नोगुड बॉयो आणि नाइनबाख: वेल्सचे तीन बँड. तिघांचीही ओळख एका ओळीत सांगायची तर सारखीच होते: वेल्सच्या जुन्या चाली, आजचा आवाज. फरक कळतो तो ठेका कोण धरतंय हे पाहिल्यावर.

कालानचा ठेका पायांत आहे. अकॉर्डियन वाजवणारी बेथान रियानन मधेच उठते आणि क्लॉग नाच सुरू करते. लाकडी तळव्यांचे बूट फळीवर असे कडाडतात की ड्रमरची आठवणही येत नाही. लावणीत घुंगरांचं जे काम, तेच इथे बुटांचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या चॅपलवाल्यांनी, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथीयांनी, फिडल (व्हायोलिन) आणि नाचावर नाकं मुरडली, तरी हा नाच तगला. सोबतीला फिडल, हार्प, गिटार आणि पॅट्रिक राइम्सच्या हातात पिबगोर्न: टोकाला गुराचं शिंग बसवलेलं, जरा खरखरीत आवाजाचं छोटं फुंकवाद्य. 2008 च्या 'ब्लिंग'पासून त्यांचे अल्बम आहेत, पण रेकॉर्डिंगमध्ये ही मजा निम्मीच पोचते. वेल्श संगीत पहिल्यांदाच ऐकणार असाल, घरची मंडळी बरोबर असतील, तर मी डोळे मिटून यांचं नाव घेईन.

नोगुड बॉयो हे तरुणांचं काम. ते स्वतःच्या शैलीला 'ट्रॅश ट्रॅड' (भंगार परंपरा) म्हणतात, आणि ते खोटं नाही. गिटार विस्कटलेली, इलेक्ट्रॉनिक आवाजांचा मारा, आणि त्यातून वर येणारी जुनी चाल. खुर्च्या मांडलेल्या सभागृहात हे वाया जातं. उभ्याने, गर्दीत ऐका. लहान मूल कडेवर असेल तर नकोच.

नाइनबाखकडे नाचायच्या तयारीने गेलात तर हिरमुसाल. त्यांनी क्लबमधल्या नाचाच्या संगीताकडून घेतला तो खोल बेस आणि मोकळी जागा, वेग नाही. गायिका लिसा जेन उत्तर वेल्समधल्या बेथेस्डाकडची, स्लेटच्या खाणींच्या मुलखातली. गाण्यांतही तोच मुलूख डोकावतो. गाणी बहुतांशी वेल्शमध्ये, तरी शब्द न कळता आवाज आत उतरतो. रिअल वर्ल्ड या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या त्यांच्या 'तिंक्यान' अल्बमला (2014) पुढच्या वर्षी बीबीसी रेडिओ 2 चा सर्वोत्तम लोकसंगीत अल्बमचा पुरस्कार मिळाला. तो आधी घरी, चांगल्या हेडफोनवर ऐका. आवडला तरच तिकीट काढा.

आणि नाच बघायचा नसून स्वतःच करायचा असेल, तर हे तिन्ही सोडा. 'तुम्पाथ' शोधा: गावच्या हॉलमधला सामूहिक नाच. तिथे एक जण पुढे उभा राहून पावलं सांगत असतो, त्यामुळे काहीच न येणाराही पहिल्या फेरीपासून सामील होतो.