सहीआधी वाचून दाखवणारं सेंटर

वैजापूर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून दुसरं दार. ग्रामपंचायतीला उभी होते तेव्हा माझं सगळं कागदाचं काम या मल्टीसर्व्हिस सेंटरात झालं. पाच तारे देते.

आमच्या वॉर्डात महिलांच्या दोन जागा होत्या, एक अनुसूचित जातीची, एक सर्वसाधारण. पॅनेलवाल्यांचा आग्रह पहिलीचा. "आजोबांच्या निर्गम उताऱ्यावर जुनी जात आहे. चर्चचं कोण विचारतंय?" दाखल्याची फाइल त्यांनीच तयार करून हातात दिली. आमच्या घरात बाप्तिस्मा पणजोबांपासूनचा.

सेंटरवाल्या दादांची एक पद्धत आहे. सही घेण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवतात आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात. प्रतिज्ञापत्रावर येऊन थांबले. "ताई, इथं धर्म हिंदू लिहिलाय. बरोबर आहे ना?"

मागं चार माणसं रांगेत, माझ्या गळ्यात क्रूस. मला बोलताच येईना. दादांनी घाई केली नाही, सल्लाही दिला नाही. पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि मागच्या माणसाचा सातबारा काढायला घेतला.

१० ऑगस्ट १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर. चर्चमध्ये गेलो म्हणून गावानं आमची जात विसरली नाही, त्यामुळं हा अन्यायच आहे. दर १० ऑगस्टला काळी फीत लावून आम्ही तेच सांगतो. पण त्याविरुद्ध भांडायचं ते ख्रिस्ती म्हणून. शपथेवर बाप्तिस्मा नाकारला तर भांडायला तोंड कुठं राहिलं? लेकरांच्या फीसाठी ज्यांनी दाखला काढला त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांची ओढाताण मी घरात पाहिलीय. मी मात्र मतं मागायला निघाले होते.

आदल्याच रविवारी मिस्सामध्ये फादरांनी संत थॉमस मोर सांगितले होते. इंग्लंडच्या राजाचे चॅन्सलर, मनाला न पटणारी शपथ घेतली नाही म्हणून १५३५ मध्ये शिरच्छेद झाला. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारणी माणसांचे आश्रयदाते संत ठरवलं. माझी तर फक्त सोपी जागा जाणार होती.

"दादा, खोडा ते. सर्वसाधारण महिलेचा अर्ज भरू."

त्यांनी फाइल परत दिली आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा सुरू केलं. अपत्यं, शौचालय, मालमत्ता, गुन्हे, सगळं पुन्हा मोठ्यानं वाचलं. वाया गेलेल्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

मी १४ मतांनी पडले. तरी खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर पुढं अपात्र ठरवतात. त्याची आठवण दादांनी फोन करून दिली. चहाचं बिल १,१४० रुपयांचं होतं, त्यांनी तेवढंच लिहिलं.

इन्व्हर्टर नाही, लाइट गेली की बसून राहायचं. बसायला एकच बाक आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका, सकाळी दहाच्या आत गाठा आणि मूळ कागद सोबत न्या, झेरॉक्सवर ते काम करत नाहीत.