टॅब घ्यायचे की वाचनगट चालवायचे?

चोपड्याकडचा माझा मावसभाऊ शाळा व्यवस्थापन समितीत आहे. लोकवर्गणी जमलीय, आता टॅब घ्यायचे, की गावातल्या बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन रोज तासभर वाचनगट चालवायचे, यावर त्याचं अडलंय.

टॅबचा खर्च एकदम, गटाचा दरमहा. पण बॅटरी फुगली की पुन्हा तोच खर्च, आणि भारनियमन आहेच.

शिकण्याचं काय? पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप वाटले, तरी गणित-भाषेचे गुण हलले नाहीत, असं २०१२च्या अभ्यासात दिसलं. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेची वाचन शिकवायची रीत साधी आहे: इयत्ता विसरायची, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतलं काय वाचता येतं ते पाहून गट पाडायचे. भारतातल्या अनेक चाचण्यांत ती खरी उतरली. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारं पाचवीतलं पोर जोडाक्षराशी थांबतं, तेव्हा शेजारी बसून ओळीवर बोट ठेवणारं माणूसच लागतं. स्क्रीन आपली पुढे सरकते.

मेहनत मात्र गटालाच जास्त. कापूस वेचणीत पोरं गायब, ताई आजारी पडली की खाडा.

ज्यांना अजून वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी गटच. सातवी-आठवीतली घडाघडा वाचणारी मुलं असतील आणि चार्जिंगची सोय असेल, तर चार-पाच टॅब पुरेत.