एकच घ्यायचं असेल तर : व्हिलेज गेट की सिएटल?

जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाच्या स्टुडिओतल्या एक-दोन रेकॉर्ड ऐकून झाल्यात, आवडल्यात, आणि आता त्याला लोकांसमोर वाजवताना ऐकायचंय, अशा टप्प्यावर असाल तर दोन नावं समोर येतात. दोन्ही टेप अनेक दशकं पडून होत्या. एक ऑगस्ट 1961ची, न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबातली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहातून ती बाहेर आली आणि 2023मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी 2 ऑक्टोबर 1965ची, सिएटलच्या पेंटहाउस क्लबात वाजलेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या त्याच्याच रचनेची. जो ब्राझील या सॅक्सोफोनवादकाने ती स्वतःसाठी करून ठेवली होती. ती 2021मध्ये आली.

आधी आवाजाचं बोलू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. व्हिलेज गेटमध्ये रिच अल्डरसन हा तंत्रज्ञ क्लबची नवी साउंड सिस्टीम तपासत होता. त्याने एकच रिबन माइक स्टेजच्या वर टांगला होता. रेकॉर्ड काढायचं कुणाच्याच मनात नव्हतं. त्यामुळे एल्विन जोन्सचे ड्रम अंगावर येतात आणि मॅकॉय टायनरचा पियानो मागे सरकतो. घरगुती मैफलीत उशिरा पोचून तबलजीच्या शेजारी जागा मिळावी, तसं काहीसं. सिएटलला दोन माइक होते, तरी तिथेही ड्रमच जवळचे, आणि खुद्द कोल्ट्रेन मधूनमधून लांब जातो. खोकल्यासकट, पंख्याच्या घरघरीसकट जुन्या मैफली ऐकलेल्या माणसाला यातलं काहीच अडणार नाही. स्वच्छ आवाजाशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने मात्र दोन्ही बाजूला ठेवून 29 नोव्हेंबर 1957ची कार्नेगी हॉलमधली पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन यांची मैफल घ्यावी. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने केलेलं ते मुद्रण 2005मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडलं. उत्तम आहे. पण तिथला कोल्ट्रेन अजून उंबरठ्यावर उभा आहे.

व्हिलेज गेट घ्यायचं ते कोल्ट्रेनच्या साथीला असलेल्या एरिक डॉल्फीसाठी. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये तो बासरी वाजवतो, ‘व्हेन लाइट्स आर लो’मध्ये बास क्लॅरिनेट. या दुसऱ्या वाद्याचा खर्ज लाकडी, घोगरा, माणसाच्या घशासारखा. आणि तिथून तो एका उडीत वर जातो तेव्हा काहीतरी फाटल्यासारखं होतं. 1961मध्येच ‘डाउनबीट’ या जॅझ मासिकात कोल्ट्रेन आणि डॉल्फी या दोघांच्या वादनाला ‘अँटी-जॅझ’ म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी त्याच मासिकात उत्तर देताना डॉल्फी पक्ष्यांबद्दल बोलला. आपल्या सुरांच्या मधले सूर त्यांच्याकडे असतात, आणि भारतीय संगीतातही तसं काही आहे, असा त्याचा रोख होता. श्रुतीची कल्पना असलेल्या कानाला तो काय शोधत होता ते लगेच कळतं. जून 1964मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. त्यामुळे या दोघांचं एकत्र मिनिटभरही नवं हाती लागलं तरी मला ते मोलाचं वाटतं, इथे तर जवळजवळ 80 मिनिटं आहेत.

शेवटी 22 मिनिटांचं ‘आफ्रिका’. स्टुडिओत यासाठी मोठा वाद्यवृंद होता, इथे सहाच माणसं. रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस असे दोन बास, म्हणजे खर्जाची मोठी तंतुवाद्यं. बाकीचे थांबतात, दोघंच उरतात, आणि त्या खोल गुंजनात मला तानपुऱ्याची जोडी आठवते. रात्री, घर निजल्यावर हा भाग लावून बघा.

सिएटलचा प्रकार वेगळा. मूळ ‘अ लव्ह सुप्रीम’ 33 मिनिटांचं, डिसेंबर 1964मध्ये चौघांनी स्टुडिओत वाजवलेलं. इथे सात वादक, 75 मिनिटं. संपूर्ण रचना लोकांसमोर वाजवल्याचं याआधी जुलै 1965चं फ्रान्समधलं अँतिबचं मुद्रणच परिचित होतं. फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन किंचाळतो, कार्लोस वॉर्ड आल्टो सॅक्सोफोन घेऊन येतो, भागांच्या मधल्या जागा बास आणि ड्रम भरून काढतात. बंदिश तीच, पण मध्यलयीत आटोपशीर मांडलेली चीज कुणी रात्रभर विस्तारत बसावं तशी. वर्ष संपेपर्यंत टायनर या चमूतून बाहेर पडला, पाठोपाठ जोन्सही. ती ताण खाल्लेली वीण इथे ऐकू येते, आणि म्हणूनच ही टेप मला हलवून सोडते. पण मूळ रेकॉर्ड तोंडपाठ नसेल तर यातलं अर्धं हातातून निसटेल.

तेव्हा माझं मत व्हिलेज गेटला. धून ओळखीची सापडते, ठेका धरून ठेवतो, आणि त्या आधारावर डॉल्फी कुठवर जातो ते बघता येतं. मूळ ‘अ लव्ह सुप्रीम’ पंधरा-वीस वेळा ऐकलेलं असेल तर मात्र थेट सिएटल घ्या, थांबू नका. एलपीवर दोन्ही दोन-दोन तबकड्यांची, सीडी एकेकच. आवाजाचा मूळ दर्जा पाहता सीडी पुरेशी आहे. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात ते दोन बास पार नाहीसे होतात.